ओमेशच्या नावाची चिठ्ठी

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

प्रेमिला,

पाकिटावरचं अक्षर पाहून फाडू नको. पहिले वाच, मग फाड.

अक्षर माझंच होय. काही लिहायचं असलं तं मी रुचीकडून लिहून घेतो, पण हे तिच्याकडून लिहून घेण्यासारखं नाही, अन् गावातल्या दुसऱ्या कोणाकडून तं नाहीच नाही. साक्षरतेच्या वर्गात मी सहा महिने बसली होती, तेवढ्यावरच गाडी ढकलून राहिली. फोनच केला असता, पण मागच्या साली दोनदा लावला तं तू माझा आवाज आयकून कट केला. बरोबर केलं. तुझ्या जागी मी असती तं मीही तेच केलं असतं.

आशीर्वाद लिहीत नाही. माझ्या आशीर्वादानं तुझं किती भलं झालं ते तुले माहीत आहे.

तुझी रुची बरी आहे. दहावीत गेली. उंचीनं माझ्या डोक्याच्या वर गेली अन् तोंडानंही. तू देवरीकडे आश्रमशाळेत सयपाक करतेस असं आयकलं. दीडशे पोरांचा सयपाक म्हणजे कमरेचं काम आहे, सांभाळ.

काम एवढंच आहे. शाळेतून पोरापोरींच्या तपासणीचा फॉर्म आला. त्याच्यात विचारलं आहे की आईले कोणती बिमारी होती काय. तं तुझे त्या वेळचे दवाखान्याचे कागद असतील तं झेरॉक्स पाठव. बाकी काही नाही.

तुले वाटल, शाळेत हे कायचं नवीन खूळ. दवाखान्यातून नूतन मॅडम येते. अंगात कोणते बदल होतात, पाळी काऊन येते, कोणती बिमारी कशानं लागते अन् कशानं लागत नाही, हे पोरापोरींले सांगते. पहिले तिनं मायबापांची मीटिंग घेतली. माझा ओमेश रायपूरले कामावर, तं बापाच्या जागी मी गेली. साऱ्या बाया पदर तोंडात धरून बसल्या होत्या, जसा कोणी फोटो काढून राहिला. शाळा समितीचा दुर्गाप्रसाद उभा राहिला अन् म्हणे, "मॅडम, असल्या गोष्टी आपल्या घरात बोलत नाहीत. लेकरं बिघडतील."

मी म्हटलं, "दुर्गाप्रसाद, तुले पाच लेकरं आहेत. ते काय पोस्टानं आले?"

साऱ्या बाया फिदीफिदी हासल्या. दुर्गाप्रसाद बसला तो बसलाच. मॅडम म्हणे, "आजी, तुम्ही दर मीटिंगला या." त्या दिवशी मी मोठी फुगून घरी आली.

मग गुरुवारी पोरं एका खोलीत अन् पोरी एका खोलीत बसवून मॅडमनं सांगतलं. ज्याले विचाराची लाज वाटते त्यानं कागदावर लिहून डब्यात टाकाचं, नाव लिहायचं नाही. गुरुजी तं तो धडा घरीच वाचून या म्हणतात, म्हणून डबा चांगला भरला म्हणे. एका पोट्ट्यानं विचारलं, मिशी लवकर याले काय लावाचं.

धानाचा रोवणा आटोपला. पाणी बरं आहे. झेरॉक्स पाठव. साध्या टपालानं नको, रजिस्टर कर.

शकुंतलाबाई


१३ ऑगस्ट, बुधवार

प्रेमिला,

नऊ दिवस झाले. पोस्टमन घरासमोरून जाते अन् मी झाडू हातात घेऊन उगाच अंगणात उभी राहतो.

मागच्या पत्रात मी खोटी बोलली. फॉर्मवर आईचं काहीच विचारलं नाही. एका पानाचा फॉर्म आहे. नाव, वय, गाव अन् मायबापाची सही.

आता खरं लिहितो.

त्या डब्यात रुचीनंही कागद टाकला होता. मॅडमनं तिथंच वाचला. कोणाचा आहे ते कोणाले समजलं नाही. घरी येऊन रुचीनं मले सांगतलं, की तो तिचा होता. त्याच्यावर लिहिलं होतं, "जिच्या आईले ती बिमारी होती, तिच्या पोरीचं काय होते?"

गावानं तिले सांगतलं होतं, मी नाही. म्हणजे मीच. मी गावाले सांगतलं अन् गावानं तिले. शेजारच्या रुख्माच्या ओट्यावर बसून मी तुझ्याबद्दल जे बोलली ते बारा साल गावात फिरलं अन् फिरून माझ्याच घरात आलं.

मॅडमनं वर्गात सांगतलं, की पोटात असताना आईकडून लेकराले लागू शकते, पण लागलंच असं नाही, तपासलं तं समजते, अन् समजलं तं औषध आहे. बाकीच्या पोरी विसरल्या. ही नाही विसरली. त्या दिवसापासून तिनं तिचा गिलास वेगळा केला. टॉवेल वेगळा. डोक्याले तेल लावून देत होती मी, ते बंद. "आजी, माझ्या कंगव्याले हात लावू नको." मी म्हटलं, "मॅडमनंच सांगतलं ना की कंगव्यानं, गिलासानं लागत नाही?" तं म्हणे, "हो, सांगतलं." अन् गिलास उचलून वेगळाच ठेवला. तिची मैत्रीण टीना दोनदा बोलवाले आली, ही आतूनच म्हणे डोकं दुखते. चार दिवसांपासून शाळेत गेली नाही. दहावीचं साल आहे, प्रेमिला.

मी म्हटलं, ही काय मोठी गोष्ट. सहावीत असताना शाळेत सिकलसेलची तपासणी झाली होती, तिले पांढरं कार्ड भेटलं. पांढरं म्हणजे रक्त साफ. ते कार्ड मी चार साल पेटीत लुगड्याखाली जपून ठेवलं. खरं सांगू? जेव्हा जेव्हा मले तुझ्या बिमारीची अन् पोरीची भीती वाटे, तेव्हा मी पेटी उघडून ते कार्ड पाहत होती. पांढरं दिसलं की जीव थंड होत होता.

ते कार्ड घेऊन मी नूतन मॅडमकडे दवाखान्यात गेली. तिच्या टेबलावर ठेवलं. म्हटलं, "हे पाहा, पोरीचं रक्त साफ आहे, सरकारनं लिहून दिलं आहे. आता तुम्ही तिले समजावून सांगा अन् शाळेत पाठवा."

मॅडम म्हणे, "शकुंतलाबाई, हे सिकलसेलचं कार्ड आहे. त्यात दुसरं काही तपासत नाहीत."

"रक्त तं एकच होय ना?"

"रक्त एकच. पण धान तुम्ही विकायला नेता तेव्हा ओलावा वेगळा पाहतात आणि खराब दाणे वेगळे पाहतात ना? एक बरं निघालं म्हणून दुसरं बरं असेलच असं नाही."

चार साल, प्रेमिला. चार साल मी चुकीच्या कागदाकडे पाहून झोपत होती.

मग तिनं विचारलं, "आईला कोणता आजार होता? तिचे उपचार पूर्ण झाले होते? वडिलांचे झाले?" मी म्हटलं, मले माहीत नाही. मॅडमनं माझ्याकडे पाहिलं. दुर्गाप्रसादले तोंडावर बोलणारी म्हातारी तीच ही काय, असं पाहत असेल.

२९ तारखेले तपासणी आहे. शाळेत नाही, दवाखान्यात, कोणाले समजत नाही. पण मायबाप जिवंत आहेत तं त्यातल्या एकाची सही पाहिजे, आजीची नाही चालत. ओमेशले फोन केला तं म्हणे, "दहावीतली पोट्टी अन् तिची असली तपासणी? उद्या सोयरीक कोण करेल?" अन् ठेवून दिला.

म्हणून आता कागद नाही मागत. तूच ये. सही कर अन् जा. घरात येऊ नको वाटलं तं बसस्टॉपवर थांब, मी फॉर्म घेऊन येतो.

शकुंतलाबाई


२५ ऑगस्ट, सोमवार

प्रेमिला,

तुझ्या भावाचा फोन आला होता, दुधरामचा. माणूस सभ्य आहे, शिवी नाही दिली. म्हणे, "बाई, पत्र पाठवू नका. प्रेमिला दोन दिवस जेवली नाही. ती म्हणते, कागद तिच्याजवळ कधीच नव्हते, सासूजवळच होते. सासूलेच विचारा."

बरोबर म्हणते. माझ्याजवळच होते.

मी हे पत्र चार वेळा लिहिलं अन् चार वेळा चुलीत घातलं. हे पाचवं आहे. पहिले पोळ्याचं सांगतो, मग ते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी ओमेश आला. रुचीनं त्याच्यासमोर ताट ठेवलं अन् ताटाच्या बाजूले फॉर्म ठेवला. पेनही ठेवला. त्यानं वाचला अन् फाडला. दोन तुकडे, मग चार.

"बाबा, मले फक्त मालूम करायचं आहे," ती म्हणे.

"काय मालूम करायचं आहे? आईवर गेलीस. तिच्यासारखंच नाव काढशील."

मी चुलीजवळ होती. वडे तळून राहिली होती. झारा हातात तसाच होता. मी म्हटलं, "तिचं नाव घेऊ नको. बिमारी तुझी होती."

तो म्हणे, "आई, तुले भान आहे काय?"

"आता आलं. तेव्हा दवाखान्याच्या नर्सनं तुलेही बोलावलं होतं. मीच तुले सांगतलं नाही. पण रायपूरच्या त्या साली तुले काय झालं होतं ते तुले माहीत होतं ना? चोरून मलम कोण लावत होतं? मी आंधळी नव्हती."

त्याचा घास हातातच राहिला. बापाकडे पाहील असं मले वाटलं होतं, पण रुचीनं माझ्याकडे पाहिलं.

"आजी, तुले मालूम होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"तू तीन सालची होती तेव्हापासून."

तिनं फॉर्मचे तुकडे उचलले, ताट उचललं अन् धुवाले नेलं. रडली असती तं बरं झालं असतं, मले काहीतरी करता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यातून नवीन फॉर्म आणला. ओमेशले म्हटलं, "सही कर. नाहीतं आज पोळ्याच्या तोरणाखाली सारं गाव बैल घेऊन उभं राहील, तेव्हा हेच मी तिथं उभी राहून सांगतो. माझा आवाज केवढा आहे ते तुले माहीत आहे." त्यानं सही केली. पोळी खाल्ली नाही. दुपारच्याच गाडीनं गेला. मी त्यालेही सांगतलं, की रायपूरले जाऊन स्वतःचं रक्त तपास. तो मागं वळला नाही.

आता ते.

रुचीच्या पाठचं लेकरू पोटात होतं, तुले चौथा महिना होता. तालुक्याच्या दवाखान्यात रक्त तपासलं. तुले आत इंजेक्शन देत होते, मी बाहेर बाकावर बसली होती. नर्स बाहेर आली अन् तिनं मले दोन चिठ्ठ्या दिल्या. एक तुझ्या नावाची, एक ओमेशच्या नावाची. मले तेव्हा वाचता येत नव्हतं, पण तिनं तोंडानं समजावून सांगतलं होतं, चांगलं दोनदा. बिमारी कधीपासूनची ते सांगता येत नाही, म्हणे. दोघांलेही इंजेक्शन पाहिजे. एकट्या बाईले देऊन फायदा नाही, माणूस तसाच राहिला तं तिले फिरून लागते अन् पोटातल्या लेकराले धोका आहे. मी मान डोलवली. म्हटलं, पाठवतो.

माझ्या दुर्गेश्वरीचं लग्न जुळलं होतं, वैशाखात होतं. भावाले गरमीची, बाहेरच्या बाईकडून लागणारी बिमारी आहे हे नर्सच्या तोंडून कुठंतरी फुटलं तं पोरीचं लग्न मोडलं असतं. घरी आल्यावर तुझी चिठ्ठी तुले नुसती दाखवून माझ्याजवळ ठेवली अन् ओमेशची चुलीत घातली. मागून तुझीही घातली. बायकोच्या नावानं बिमारी निघाली तं लोक म्हणतील, बाहेरून आलेली बाई, बाहेरूनच घेऊन आली. असा हिशेब मी त्या बाकावर बसूनच केला होता.

दिवाळीत ओमेश महिनाभर राहाले आला. तू म्हटलं होतं, माझ्या अंगात बरं वाटत नाही, मी माहेरी जातो. मीच म्हटलं, नवरा आला असताना माहेरी कायले जातेस?

सातव्या महिन्यात पोरगा मेलेला झाला. दवाखान्यात नेऊ दिलं नाही, दाईले घरीच बोलावलं, कारण दवाखान्यातली नर्स विचारेल की त्या दुसऱ्या चिठ्ठीचं काय झालं. अन् नंतर रुख्माच्या ओट्यावर बसून मी म्हटलं, हिच्या रक्तात बिमारी आहे, हिनं लेकरू खाल्लं. दुधराम तुले न्याले आला तेव्हा तू रुचीले कडेवर घेतलं होतं. मी तुझ्या कडेवरून ओढून घेतलं. ते तुले लिहून सांगाची गरज नाही.

माफ कर असं लिहीत नाही. माफी मागितली की समोरच्यावर द्यायचं ओझं पडते, अन् तुझ्यावर आधीच खूप टाकलं आहे.

२९ तारखेले पोरीचं रक्त जाणार. मले जेवण जात नाही.

शकुंतलाबाई


२ सप्टेंबर, मंगळवार

प्रेमिला,

पहिले हेच सांगतो. रुची साफ आहे. कोणतीच बिमारी नाही. काल मॅडमनं आत बोलावून तिले स्वतः सांगतलं, मले बाहेर बसवलं. पोरगी बाहेर आली अन् बाकावर माझ्या बाजूले बसली. महिनाभरात पहिल्यांदा बाजूले बसली. पण हात नाही धरू दिला.

मी समजली संपलं. उठली होती.

पण मॅडमनं मले आत बोलावलं. मी तिले २९ तारखेलेच सारं सांगून टाकलं होतं, दोन चिठ्ठ्या अन् चूल अन् सारं. तिनं तेव्हा लिहून घेतलं होतं. आता म्हणे, "शकुंतलाबाई, एक विचारायचं राहिलं. प्रेमिलाताईंना इंजेक्शन दिल्यानंतर त्या नवऱ्यासोबत राहिल्या?"

म्हटलं, "हो. दिवाळीत महिनाभर. मीच ठेवलं."

"त्यानंतर त्यांची पुन्हा तपासणी झाली?"

म्हटलं, "नाही." कोण करणार होतं? दवाखान्यात मी जाऊ दिलं नाही. तुझ्या मायघरच्या लोकांले माहीतच नव्हतं की फिरून लागू शकते. ज्या चिठ्ठीनं समजलं असतं ती मी जाळली होती.

मॅडम म्हणे, "हा आजार शरीरात कितीतरी वर्षं गप बसून राहतो. बाई चालते, फिरते, काम करते, तिला काहीच जाणवत नाही. मग डोक्यावर, डोळ्यांवर, हृदयावर जाऊ शकतो. त्यांना असेलच असं मी म्हणत नाही. पण त्यांनी तपासून घ्यायला पाहिजे. निघालं तर आजही औषध आहे, सुईचंच."

बारा साल, प्रेमिला. मी पोरीच्या रक्ताची भीती धरून बसली अन् तुझ्या रक्ताचं मले एकदाही आठवलं नाही. हे वाचून तुले राग येईल, तो येऊ दे. पण राग करत घरी बसू नको. देवरीच्या दवाखान्यात जा. मॅडमनं तिथल्या बाईचं नाव एका कागदावर लिहून दिलं आहे, प्रश्न कमी विचारते म्हणे. आश्रमशाळेत कोणाले सांगू नको, सांगाची गरजही नाही, तुझ्या सयपाकानं कोणाले काही होत नाही. मॅडमले मी ते खास विचारलं, कारण तुझं काम गेलं तं तेही माझ्याच माथी.

हे पत्र टपालानं पाठवत नाही. रुची घेऊन येऊन राहिली आहे. काल जेवताना म्हणे, "आईले मी सांगतो. तू लिहिलेलं ती वाचल की नाही काय माहीत." मी म्हटलं, "तुले ओळखते काय ती? तीन सालची होतीस." म्हणे, "मी ओळखीन." मॅडमचा कागद तिच्याजवळ आहे. दवाखान्यात तुझ्यासोबत तीच येईल, रांगेत तीच उभी राहील. तिले आता सारं माहीत आहे, तुझ्यापेक्षा अन् माझ्यापेक्षा जास्तच. तिले लाज वाटत नाही अन् वाटू देऊ नको.

दुधरामले फोन करून सांगतलं, की रुची उद्या आमगाववरून सकाळच्या बसनं देवरीले येते, उतरून घे. तो "बरं" म्हणला. तू बाजूले होती काय ते मले समजलं नाही.

मी येत नाही. मले पाहून तू दवाखान्यात जाणार नाहीस.

मले रुचीनं सांगतलं, दोन दिवसांत परत येतो, दोन ड्रेस घेतले. आता तिची पिशवी उचलून दाराशी ठेवाले गेली तं लय भारी लागली. उघडून पाहिली. खाली दहावीची सारी पुस्तकं होती, कंपासपेटी होती, शाळेचा ड्रेस होता. थंडीचं स्वेटरही होतं.

 इकडे पाऊस सुरू आहे, बसच्या वरून पाणी गळते. पुस्तकं बाहेर काढली, प्लास्टिकच्या पिशवीत घातली, तोंडाले सुतळी बांधली अन् होती तशीच परत ठेवून दिली.

शकुंतलाबाई